न ओढलेल्या रेघा

थोरल्या लेकीचं, कस्तुराचं, लग्न झालं त्याच साली सरकारनं आमच्या डोंगरात परदेशी पाहुणे आणायचं ठरवलं. साल एक्याण्णव. वैशाखात लेक सासरी गेली आणि दसरा उलटल्यावर पर्यटन खात्याचे साहेब देवगाव रंगारीवरून जीप घेऊन वर आले.

वेरूळ-अजिंठा बघायला परदेशी लोक विमानानं औरंगाबादला यायचे आणि दोन दिवसांत निघून जायचे. ते अजून एक दिवस राहावेत म्हणून लहान लेणीही दाखवायची, असा वरून हुकूम होता. आमच्या लेण्यात रंगीत चित्रं होती, पण आत अंधार. वीज नव्हती. साहेबांनी एक मोठा आरसा आणि चमकी कागद चिकटवलेली फळी आणली. एकानं बाहेर उन्हात आरसा धरायचा, दुसऱ्यानं आत फळी. आरशातलं ऊन फळीवर पडायचं आणि फळीवरून भिंतीवर.

हे काम मला आणि माझ्या बायकोला, सुगंधाबाईला, मिळालं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की गंगापूरकडं गोदाकाठाला उतरायचं, ते पावसाच्या तोंडाला परतायचं. त्या साली मेंढरं भावाच्या, मुंजाबाच्या, हवाली केली.

“शिमग्यापर्यंत बघू,” साहेब म्हणाले. “पाहुणे आले तर दोघांना कायम करून घेऊ. खाली एक खोली बांधून देऊ.”

संध्याकाळी भाकरी थापता थापता सुगंधा म्हणाली, “अवं, दार असलेली खोली देतील का?”

“दाराबिगर खोली असती का?”

“तसं नाय. आतून कडी लावता येईल अशी.”

आमची दोन लेकरं वाटेवरच गेली होती. दहा वर्षांमागं शिरगणतीचा मास्तर आमच्या पालावर आला होता. त्यानं बोट करून माणसं मोजली. महिन्याच्या आत दोन्ही लेकरं गोवरानं गेली. आमच्यात तसंही जितं जित्राब मोजत नाहीत. मेंढरं परत आली की तोंडं बघायची, कुठलं मागं राहिलं ते आपोआप कळतं. त्या मास्तरानंतर सुगंधा माणसंही मोजू देईना.

साहेबांनी एक वही आणि पेन्सिल दिली. “लिहिता येत नाही? काही हरकत नाही. एक परदेशी माणूस, एक रेघ. वर फक्त रेघाच बघतात.”

मी वही घेतली. नाही म्हणायचं सुचलं नाही.

पाहुणे क्वचित यायचे. आठ-आठ दिवस डोंगरावर आम्ही दोघं आणि वारा. तरी ऊन वर आलं की आम्ही ते आत घ्यायचो, सवय राहावी म्हणून. ती आत, मी बाहेर. एकमेकांना दिसायचो नाही. मी ओरडायचो, “पोचलं का?”

“व्हय. जरा डावीकडं. हां, थांबा.”

“काय दिसतंय?”

“एक बाई बसलीय. कुणाची तरी वाट बघतीय वाटतं.”

“अजून?”

“अजून कोण नाय.”

मी ते चित्र कधी पाहिलं नाही. आरसा सोडला की आत अंधार व्हायचा.

देवगावच्या तात्यासाहेबांचं शेत डोंगराच्या पायथ्याला होतं. ते खालूनच हाक मारायचे, “काय केरबा, आली का गोरी मेंढरं?”

“येत्यात, तात्यासाहेब.”

“मोजून घेत जा बाबा. एखादं दरीत राहिलं तर सरकार तुलाच बांधून नेईल!”

पाहुणे निघाले की मी पेन्सिल हातात घ्यायचो. ते लांब उतरणीला लागलेले दिसायचे. जिती माणसं, घरदार टाकून इतक्या दूर आलेली. हात उचलायचा नाही. एकदा सुगंधाला विचारलं. ती म्हणाली, “नका ओढू. त्यांचीबी कुणी आई असंल.”

शिमगा झाला आणि साहेब आले. वही उघडली, पानं उलटली.

“एकही नाही?”

“आले की साहेब. एक उंच म्हातारी आली, डाव्या पायानं लंगडत होती. मग एक जोडपं, बाप्याच्या कानामागं तीळ होता. जपानच्या पोरी आल्या, त्यातल्या एकीनं हिच्याकडून टिकली लावून घेतली. मग तो लाल दाढीचा, पायरीवर बसून रडला तो...”

“मला त्यांचं वर्णन नको, केरबा. किती आले ते सांग.”

मी पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

“अरे, अंदाजानं सांग. मी लिहितो. तुमच्यासाठीच भांडतोय मी वर.”

सुगंधा फळी काखेत धरून बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. “सांगा की धनी,” ती म्हणाली. “एकदा सांगितल्यानं काय होत नाय.”

मी तिच्याकडं बघितलं. सगळे चेहरे डोळ्यांपुढं उभे राहिले. त्या म्हातारीचा, त्या पोरींचा. त्यांच्यात आमची दोन्ही लेकरंही होती.

“नाय जमणार साहेब.”

“मग शून्य लिहावं लागेल.” साहेबांनी लिहिलं. आरसा आणि फळी जीपमध्ये ठेवली. जाताना त्यांनी आम्हाला खालपर्यंत सोडतो म्हटलं, पण आम्ही पायीच निघालो.

सुगंधा पुढं चालत होती. बरंच खाली आल्यावर मी म्हणालो, “तुझ्यासाठीच नाय सांगितलं.”

ती वळली नाही. “माह्यासाठी? मी तर सांगा म्हणलं व्हतं.”

दिवाळी झाली आणि आम्ही मुंजाबाकडून मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरलो. त्याच्या पुढच्या सालीही उतरलो.

सुगंधाबाई गंगापूरच्या पुढं, एका उसाच्या बांधावर टाकलेल्या पालात, चौऱ्याण्णव सालच्या पौषात तापानं वारली. जवळ मी एकटा होतो.