मलाकीने लावलेला पत्ता

बेलफास्टच्या आमच्या टपाल कार्यालयात कुणालाच वाचता न आलेला पत्ता लावायला मलाकीच्या टेबलावर जायचा. एकोणीसशे त्र्याहत्तर साल, टपालातून बॉम्ब येण्याचे दिवस. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गरजेपेक्षा जास्त तिकिटं, तेलकट डाग, एकाच बाजूला जड: असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, बाहेर पडायचं. हे मी रोज सकाळी सगळ्यांना बजावून सांगायचे. मलाकी तेव्हा खुशाल कान कोरत बसायचा.

त्या मंगळवारी तसलंच पुडकं आलं. चारही खुणा! "सगळे बाहेर!" मी ओरडले. सगळे पळाले, आणि हा बाबा पुडकं उचलून खिडकीशी उभा!

"मलाकी, ठेव ते! मरायचंय का?"

"थांब गं बर्नी. न्यायाधीशाचं नाव आहे. डाव्या हाताने खरडलंय मेल्याने. तरी लावतो बघ."

काय म्हणावं या खोडीला! त्याला टाकून मला जाववेना. तेवढ्यात त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हळू," मी म्हटलं. "आपटू नकोस. तिथेच ठेव."

त्याने ठेवलं. मी दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, दार लावलं आणि रस्त्यावर येऊन त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

"त्या अक्षराच्या शेपटीला गाठ आहे, बर्नी," तो पुटपुटला. "मीच गिरवून घेतलंय ते. फिंटनने लिहिलंय."

फिंटन त्याच्या बहिणीचा मुलगा. अवघा एकोणीस वर्षांचा. अरे देवा! लहानपणी माझ्या मांडीवर बसून केक खाल्लेला पोर!

लष्कराच्या माणसांनी पुडकं मागच्या अंगणात नेऊन फोडलं. रस्त्यापलीकडच्यासुद्धा काचा गेल्या. मग पोलीस अधिकारी आमच्याकडे आला. "अक्षर कुणाचं, काही ओळखू आलं?"

"नाही साहेब," मलाकी म्हणाला. "नुसत्या रेघोट्या." आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आत आम्ही अकराजण होतो. उद्या असलंच दुसरं पुडकं आलं तर?

"बाई, तुम्हाला?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि फिंटनचं नाव सांगितलं.

"राहतो कुठे?"

ते मात्र माझ्या तोंडून निघेना. शेवटी मलाकीनेच पत्ता सांगितला. त्याच्या स्वतःच्या घराचा.