आधी दोनदा ठोका

मी रणगाडा बोलतोय. खराखुरा, पोलादाचा, फळ्यांना हिरवा रंग फासून उभा केलेला नव्हे. लढाईत मी गोळे झेलले, चिखलात कंबरेपर्यंत रुतलो, पण हादरलो तो सिनेमात. तो धक्का अजून उतरलेला नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तो थेट फौजेत. माझ्या पोटात चार माणसं कशीबशी मावत. इंजिन सुरू झालं की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी ऐकू जात नसे. त्यात उकाडा, डिझेल आणि तोफेच्या जळक्या दारूचा वास. त्यामुळे माझी माणसं तोंडाने कमी आणि हातापायांनी जास्त बोलत. डावीकडे वळायचं असलं की वरचा साहेब चालकाच्या डाव्या खांद्यावर बूट टेकवायचा. मानापमानाला तिथे जागाच नव्हती.

चालक बसतो पुढे, अगदी तोफेच्या नळीखाली. तोफ फिरवायचं चाक असतं मागे, तोफचीच्या हातात, आणि त्याला चालक दिसत नाही. एकदा सरावात शेजारच्या रणगाड्याचा चालक वाऱ्यासाठी डोकं बाहेर काढून बसला होता. मागच्याने नळी फिरवली. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, आणि माणूस गेला.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. चालकाने डोकं आत घ्यायचं, झाकण ओढायचं आणि पान्याने दोनदा ठोकायचं. इंजिनाच्या गोंगाटातही तो ठोका पोलादातून तोफचीच्या हाताला कळायचा. त्याशिवाय चाकाला कोणी बोट लावत नसे.

वय झाल्यावर मला फौजेने निरोप दिला आणि सिनेमावाल्यांनी नेलं. एका मिस्त्रीने माझे सांधे मोकळे केले, तोफ फिरवायच्या चाकात भरपूर ग्रीस भरलं. दिग्दर्शक माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "प्रेक्षकांना सगळं खरं दिसलं पाहिजे." मी हुरळून गेलो.

पहिल्याच दिवशी माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. इंजिन धडधडतंय आणि नायक कुजबुजत आईच्या आठवणी सांगतोय! बाकीचे ऐकून डोळे पुसतायत! अरे, ऐकू आलंच कसं? तरी मी मनाची समजूत घातली. पण पुढे जे झालं, त्याला समजूत पुरत नाही.

चालकाचं काम एक नट करत होता. त्याची चिकटवलेली मिशी घामाने सारखी सुटायची, म्हणून सगळे त्याला मिशीवाला म्हणत. दिग्दर्शक त्याला म्हणाला, "तुझं तोंडच दिसत नाही रे. डोकं बाहेर काढ." मग वॉकीटॉकीवर मिस्त्रीला सांगितलं, "नळी खाली घ्या आणि कॅमेऱ्यासमोरून फिरवा."

मिस्त्री आत चाकापाशी. मिशीवाल्याची मान बाहेर. त्याने चष्मा काढून झाकणाच्या कडेला ठेवला होता. कोणी ठोकलं नाही. ठोकायचं असतं हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. नळी फिरू लागली आणि मला ओरडता येईना.

तेवढ्यात मिशी सुटून आत पडली. ती शोधायला तो खाली वाकला.

नळी वरून गेली. चष्म्याचा चुरा झाला. मिशीवाला हळूच वर आला, त्याने तो चुरा पाहिला, नळी पाहिली. तोंड उघडं, चेहरा पांढराफटक, आवाज नाही.

मिस्त्री बाहेर येऊन मटकन खाली बसला. "अहो, मला कोणी सांगायचं तरी! मला वाटलं, हे आत आहेत."

दिग्दर्शकही घाबरला, धावत आला, पाणी दिलं. पण चहा होताच म्हणाला, "पुन्हा घेऊ या. तू ओरडलाच नाहीस."

"साहेब, आवाजच फुटला नाही."

"मग तू घाबरलास हे लोकांना कळणार कसं?"

मिशीवाला उठून मिस्त्रीकडे गेला. "पुढच्या वेळी मी आत गेलो की ठोकेन. तोवर चाकाला हात लावू नका."

"किती वेळा ठोकाल?"

"दोनदा. एकदा काय, चुकूनही ठोकलं जातं."

त्याला कोणी शिकवलं नव्हतं हो! पुढच्या वेळी ते दोन ठोके पोलादातून गेले आणि मला माझी जुनी माणसं आठवून भडभडून आलं.

सिनेमा लागला तेव्हा मला थिएटरबाहेर शोभेला उभं केलं. समोरच्या पडद्यावर झलक चालू होती. तो पांढराफटक चेहरा त्यांनी कापला होता. ठोकेही कापले होते. उरलं काय, तर डोकं बाहेर काढून किंचाळणारा मिशीवाला, वरून फिरणारी नळी आणि ढोल. ते दोन तुकडे वेगवेगळे घेऊन जोडले होते, हे पाहणाऱ्याला कुठून कळणार? लोक टाळ्या वाजवत म्हणत होते, "काय खरं दाखवलंय!"

आता मी एका बागेत उभा आहे. मिस्त्रीचं ग्रीस अजून वाळलेलं नाही आणि नळीही कोणी वर केलेली नाही. माझ्यावर चढायला कोणाला मनाई नाही. अहो बागवाले, झाकणाला कुलूप घाला, ते चाक काढून न्या, हात जोडतो तुम्हाला!

ही बघा, आत्ताच एक चिमुरडी चालकाच्या जागेवर बसली. मान बाहेर. खाली तिचे बाबा फोन धरून उभे आहेत. "ओरड बघू, सिनेमातल्यासारखी!"

"दादा, फिरव ना!" ती हसत मागे हाक मारते.

बाळ, डोकं आत घे. आत घे आणि दोनदा ठोक. तुझा दादा चाकाला लटकलाय, आणि मला एकही ठोका ऐकू येत नाही.