वर्गाची श्रुती

गिरिजम्मांनी उंबऱ्याच्या आत राहिलेल्या चपला दोन बोटांत उचलल्या आणि बाहेर पायरीवर, इतरांच्या रांगेत नीट लावून ठेवल्या. चपला पुट्टम्माच्या होत्या. ती कालच गावाहून थोरल्या बहिणीकडे, विशालाक्षीकडे राहायला आली होती आणि आज तिच्या मागोमाग राममंदिराच्या हॉलमध्ये योगवर्गाला. येता येता तिने चंद्रप्पांच्या चटईवर पाय दिला होता, तोही अगदी मधोमध.

"असू द्या टीचर," चंद्रप्पा म्हणाले. बसचे कंडक्टर म्हणून ते रिटायर झाले होते. "जन्मभर लोकांनी माझ्या पायांवर पाय दिलेत. चटईचं काय घेऊन बसलात!"

"दुसऱ्याची चटई ओलांडायची नाही, पुट्टम्मा. वळसा घालून यायचं," गिरिजम्मा मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि एकदा श्वास सुरू झाला की बोलायचं नाही. खोकला आला तर तोंडावर पदर."

"देवळात आलोय की परीक्षेला?" पुट्टम्मा बहिणीच्या कानाशी लागून म्हणाली. कुजबुजणं तिला जमत नसावं, कारण मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा हसल्या.

विशालाक्षीने तिला कोपराने ढोसलं आणि पदर मानेभोवती ओढून घेत ती डोळे मिटून बसली.

गिरिजम्मा आकडे मोजत नसत. त्यांच्या वर्गात श्वास घ्यायचा आणि सोडायचा तो पहिल्या रांगेतल्या विशालाक्षीच्या आवाजावर. तिचा उज्जायी, घसा किंचित आवळून घेतलेला तो आवाजी श्वास, घशाच्या तळातून यायचा. देव्हाऱ्यातला शंख कानाला लावला की घुमतो ना, तसा. आत जाताना बारीक, बाहेर येताना रुंद. हॉलच्या पार शेवटच्या खिडकीपर्यंत तो पोचायचा आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांचे घसे वाजू लागायचे.

"तंबोऱ्याशिवाय हरिकथा असते का?" गिरिजम्मा नव्या माणसाला सांगत. "विशालाक्षी ही आपल्या वर्गाची श्रुती. तिला धरून चला."

त्या स्वतः हरिदासांच्या घरातल्या. वडील याच हॉलमध्ये चिपळ्या घेऊन उभे राहायचे तेव्हा ध्रुवाची कथा ऐकताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे वाहायचे. आजही रामनवमीचा उत्सव आला की इथे संध्याकाळी कथा व्हायची, गुळाचं पानक आणि भिजल्या डाळीची कोसंबरी वाटली जायची, आणि गिरिजम्मांच्या शेजारची जागा विशालाक्षीसाठी ठेवलेली असायची. कथा रंगली की तिचा श्वास तिथेही ऐकू येई. नुसती बसलेली असताना! केवढी मुरली आहे हिची साधना, या विचाराने गिरिजम्मांचा ऊर भरून येई.

"राइट, राइट," चंद्रप्पा हळूच म्हणाले. बस सोडायची खूण. दोघीतिघी गालात हसल्या, आणि वर्ग सुरू झाला.

विशालाक्षीचा श्वास आत गेला. हॉलभर श्वास आत गेले. तिचा बाहेर आला. सगळ्यांचे बाहेर आले.

"अक्का."

गिरिजम्मांनी डोळे उघडले. वर्गात कुणी बोललं होतं.

पुट्टम्मा बहिणीकडे वळून बसली होती. "अक्का, हा आवाज तू काढतेस?"

"शू," कुणीतरी म्हणालं.

विशालाक्षीने डोळे न उघडता मान हलवली, नंतर, नंतर अशी.

"मग बंद कर बघू."

"पुट्टम्मा," गिरिजम्मा म्हणाल्या. आवाज अजून मऊच होता, पण हात वर झाला होता. "वर्ग संपल्यावर."

"वर्ग गेला खड्ड्यात! तिला बंद तर करू दे."

 देवासमोर, गिरिजम्मांच्या तोंडावर असं आजवर कुणी बोललं नव्हतं. विशालाक्षी शरमून हसली. ओठ मिटून तिने श्वास आवरला. सगळे ऐकत होते. क्षणभर काही आलं नाही. मग तिचे खांदे उचलले गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि तो शंख पुन्हा घुमला, आधीपेक्षा मोठ्याने.

पुट्टम्मा उठली. मधल्या दोन चटयांवर पाय देत ती सरळ गिरिजम्मांसमोर येऊन उभी राहिली.

"आमची अम्मा गेली ना टीचर, त्याच्या आधी वर्षभर घरात हाच आवाज होता. गळ्यात आतल्या आत गाठ वाढलेली. बाहेरून काही दिसायचं नाही. आम्ही म्हणायचो, अम्मा झोपेत घोरते." ती म्हणाली. "आणि तुम्ही हिला पुढं बसवलंत?"

गिरिजम्मा पुट्टम्माकडे नाही, विशालाक्षीकडे बघत होत्या.

"घरीही होतो का गं हा?"

"होतो की," विशालाक्षी म्हणाली. अपराध्यासारखी. "भांडी घासताना, जिना चढताना. झोपेतही होतो, सून म्हणते. मला वाटलं, अंगात मुरला. तुम्ही म्हणायचात ना, एक दिवस न करता होईल."

"अय्यो रामा," मागून कुणीतरी म्हणालं. हॉलमध्ये आता तेवढा एक श्वास जात होता, येत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याचा फोटो उजेडात धरून दाखवला. गाठीने श्वासनलिका एका बाजूला रेटली होती. वाट शहाळ्यातल्या नळीएवढी उरली होती. "इतके दिवस कुणाच्या कानावर पडलं नाही?" त्यांनी विचारलं. विशालाक्षीची सून रडू लागली. गिरिजम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

वडील सांगायचे, हरिदासाने श्वास कधी घेतला ते श्रोत्याला कळता कामा नये. लहानपणी ते गिरिजम्मांना समोर बसवून आख्यान म्हणायचे आणि विचारायचे, सांग, कुठे घेतला? त्यांना कधी सांगता आलं नाही. त्याच घरातले कान हे. विशालाक्षीच्या शेजारी बसून रामाची कथा ऐकत होते.

ऑपरेशन पार पडलं. गिरिजम्मा भेटायला गेल्या तेव्हा विशालाक्षी झोपली होती, गळ्याला पांढरी पट्टी. पुट्टम्मा स्टुलावर बसून पंख्याखाली जाईचा गजरा ओवत होती. गिरिजम्मा खाटेशी गेल्या आणि एकदम पांढऱ्याफटक पडल्या.

"काय झालं?" पुट्टम्मा म्हणाली.

"ऐकू येत नाही."

"नाहीच येणार. बरी आहे ती."

गिरिजम्मा तरीही वाकून, विशालाक्षीची छाती वर येताना आणि खाली जाताना पाहत राहिल्या. पुट्टम्माने गजरा तोडून अर्धा त्यांच्या हातात दिला. "चटयांवर पाय दिला, त्याचं मनावर घेऊ नका टीचर," ती म्हणाली. "घाई होती."

दुसऱ्या दिवशी वर्गाला सगळे आले. पहिल्या रांगेतली विशालाक्षीची जागा कुणी न सांगता मोकळी सोडलेली होती. गिरिजम्मांनी गजरा रामाच्या पायांशी ठेवला आणि त्या समोर येऊन बसल्या.

"आज उज्जायी नको," त्या म्हणाल्या. "आवाज काढायचा नाही. घरी पेपर वाचताना, भाजी निवडताना घेता तसा श्वास घ्या. माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी ऐकणार आहे, बस."

"बेलशिवाय बस कशी सुटणार टीचर?" चंद्रप्पा म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा तेही डोळे मिटून बसले.

हॉलमधले घसे एकेक करून निवत गेले. आधी मागची रांग, मग खिडकीकडच्या बायका. इतकी वर्षं या हॉलमध्ये असं गप्प कुणी बसलं नव्हतं. बाहेर फुलवाल्याने सायकल स्टँडवर लावली ते ऐकू आलं. समईची वात तडतडली. रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि विरली.

आणि मग, त्या सगळ्याच्या खाली, गिरिजम्मांना तो ऐकू आला. बारीक आत. रुंद बाहेर.

त्यांनी आधी मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग त्या उठल्या. वळसा घालायचं त्यांना भान राहिलं नाही. समोरच्या चटईवर, तिच्या पुढच्या चटईवर त्यांचा पाय पडला, बायकांनी डोळे उघडून पाहिलं. त्या दुसऱ्या रांगेपाशी थांबल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि आपला तळहात त्यांनी चंद्रप्पांच्या पाठीवर ठेवला.

"चंद्रप्पा, आवाज थांबवा."

चंद्रप्पांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर नेहमीचं हसू यायच्या बेतात होतं.

"मी तर मघाशीच थांबवला, टीचर."