एकोणसत्तरावी कॅसेट

माझ्या बायकोचे, मायाक्काचे दिवस होऊन महिना झाला, त्या रविवारी मी टेप लावायचं ठरवलं. बडेसाब दारातच थांबला.

"सिदू, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला कुटं ऐकू येतंय?" मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. मी आणि बडेसाबने टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेजारशेजारचे माग चालवले. मागांच्या खडखडाटात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे ओठ वाचतात आणि हातांनी खुणा करतात. कान त्यातच गेले. माझा उजवा पूर्ण गेलाय. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, वर्षभर धरा.

बडेसाबच्या मोठ्या भावाचं एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा कोणी न घेतलेली एक पेटी उरली. सगळं इंग्लिश रॉक, पन्नास वर्षांपूर्वीचं. लांब केसांची माणसं, गिटार आणि ढोल. बडेसाबने एका वहीत यादी केली आणि कॅसेटवर नंबर चिकटवले. एकशे बारा. कारखान्यातलं काम कायमचं सुटल्यावर आम्ही ठरवलं, दर रविवारी एक. क्रमाने, दोन्ही बाजू. वाईट निघाली तरी मधे उठायचं नाही. हिंदी-मराठी गाण्यातले शब्द निसटायचे आणि माझी चिडचिड व्हायची. इंग्लिश शब्द तसेही कळत नव्हते, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. ढोल मात्र छातीत ऐकू यायचा.

मार्क द्यायचं काम मायाक्काचं. ती चौथी शिकलेली. विड्या वळायची, आणि कुंभारी गावातलं हे घरकुलही विडी कामगार म्हणून तिच्याच नावावर मिळालं. मांडीवर सूप घेऊन ती उंबऱ्याजवळ बसायची. ज्या गाण्यांवर हात भरभर चालला त्या कॅसेटला मार्क जास्त. "ह्या बाबानं मदीच ताल सोडला, माझी इडी फुटली. चार." दहा तिने कोणालाच दिले नाहीत. आवाज फार झाला की ती तळहात खाली दाबायची. मागावरची खूण, माझ्याकडूनच शिकलेली. मग मी बटण फिरवायचो.

छातीच्या दुखण्याने ती गेली तेव्हा अडुसष्ट झाल्या होत्या. अडुसष्टला सात मार्क आहेत, तिच्या पेन्सिलीने.

जाताना तिने यादीबद्दल काही सांगितलं नाही. वचन वगैरे काही नाही. चव्वेचाळीस राहिल्या होत्या, आणि कान आहे तोवर त्या मला ऐकायच्या होत्या.

एकोणसत्तरची पहिली बाजू संपत आली तेव्हा माझा मेहुणा आला. बिरुदेव, मायाक्काचा धाकटा भाऊ, सांगोल्याहून. सोबत गावचे एक म्हातारे पाहुणे आणि डाळिंबांची पिशवी. पिशवी ठेवण्याआधीच तो म्हणाला, "दाजी, बंद करा ते."

"का?"

"वरीस व्हायचंय अजून. तवर घरात गाणंबजावणं नसतंय. गावात मी काय तोंड दाखवू?"

"वरीसभरानं माझा कान ऱ्हाणार न्हाय."

"मग न्हाय ऐकलं तर मरताय व्हय?"

"बिरुभाऊ, बसा तर," बडेसाब म्हणाला. "एक बाजू हाय अजून."

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्यापायीच हे खूळ घरात आलं."

"खूळ माझंच हाय की. मार्क तुमच्या बहिणीनं दिलेत."

मी कॅसेट उलटी करून लावली. ढोल सुरू झाला. बिरुदेव पाहुण्यांकडे वळून काहीतरी बोलला. त्याला वाटलं, एवढ्या आवाजात ते कोणाला कळणार? मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. बडेसाबही बघत होता. त्याने मान खाली घातली.

बिरुदेव म्हणाला होता, "अक्का गेली ते ह्याच्या पथ्यावरच पडलं. डोळ्यातनं एक टिपूस न्हाय."

मी टेप बंद केला.

"बिरुदेव, एकतीस वर्षं मी ओठ वाचून काम केलंय. माझ्या पथ्यावर पडलं व्हय रं?"

त्याचं तोंड उतरलं. पाहुणे पिशवीतली डाळिंबं बघू लागले. मी वही त्याच्यापुढे टाकली.

"वाच. अडुसष्ट ओळी हायत. बहिणीचं अक्षर वळखतोस न्हवं?"

तो वाचू लागला. सहा. चार, इडी फुटली. साडेआठ, हात दुखला न्हाय. एका ओळीवर तो बराच वेळ थांबला. कोणती ते मी विचारलं नाही. मग त्याचं बोट एकोणसत्तरवर आलं. तिथे मार्कांचा रकाना कोरा होता.

"रडायचं कवा आन् कुटं ते मी बघतो," मी म्हणालो. "तू टिपूस मोजू नगंस. हे घर तिचं हाय. माझ्या माघारी हितं गप बसा, असं ती कवाच म्हणली न्हाय."

मी पुन्हा बटण दाबलं. सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं. तळहात खाली दाबायला तिथे कोणी नव्हतं. थोड्या वेळाने भिंतीवरचं कॅलेंडर हलू लागलं, म्हणजे शेजारचे भिंत ठोकत होते. मी आवाज होता तेवढाच ठेवला.

बिरुदेव निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला नाही. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, दुसरी बाजू संपेपर्यंत बसला. संपल्यावर डोळे पुसून म्हणाला, "तीन."

"काय तीन?"

"मार्क. दहातलं तीन. लिवा की."

"तुझं हात काय करत होतं?"

त्याने हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर रिकामे होते.

"मग मार्क कसलं देतोस?" मी म्हणालो आणि वही मिटली. रकाना कोराच ठेवला. पुढच्या सगळ्या ओळींचाही कोराच राहणार आहे.

दारात चपला घालताना तो म्हणाला, "वरीसश्राद्धाला येतो, दाजी."

"तवर यादी संपल," मी म्हणालो. "यायचं तर रविवारी ये."