शब्द पुरा होईपर्यंत

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत, कारण तो बोलताना अडखळायचा. शब्द अडला की मानेला झटके बसायचे. हे नाव ठेवलं होतं त्याच्या मेहुण्यानेच, बायकोच्या धाकट्या भावाने.

पुठ्ठा कापायच्या मशीनवर या दोघांची जोडी होती. एक्सप्रेसने पुठ्ठा पात्याखाली सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि "दाब" म्हणायचं. मग पलीकडून मेहुण्याने दांडा दाबायचा. मधे मशीनचं धूड असल्याने पलीकडच्याला तोंड दिसे, हात दिसत नसत. म्हणून शब्दाशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम.

"द... द..." सुरू झालं की मेहुणा त्याच सुरात साथ द्यायचा. "सावकाश येऊ द्या, दाजी. आमचे दाजी आग लागली म्हणेपर्यंत राखसुद्धा थंड होते." सगळा कारखाना खिदळायचा. एक्सप्रेसच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तुझ्या भावाची जीभ एकदा त्या पात्याखाली घालतो, असं तो घरी बायकोला म्हणायचा, आणि तेवढं म्हणेपर्यंत ताटातलं जेवण गार व्हायचं.

मग मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. जिभेवर साखर ठेवून बोलणाऱ्या. टोपणनावं बंद, नकला बंद, असं त्यांनी जाहीर केलं. मेहुणा कसला ऐकतोय. "तोंड माझं, जीभ माझी. मी काय बोलायचं ते तुम्ही ठरवणार?" झालं, चौकशी बसली.

"यांच्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होतो ना?" बाईंनी एक्सप्रेसला विचारलं.

त्रास होत होताच. पण याला काढू नका, दांड्यावर मला हाच हवा, हेही त्याला सांगायचं होतं.

"हो, प... प... प..."

"पुरे. समजलं आम्हाला." बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई, दाजींचं वाक्य संपलेलं नाही अजून," मेहुणा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. मेहुण्याची नोकरी गेली.

नवा जोडीदार गरीब गाय होता. अडखळणाऱ्या माणसाला सारखं बोलायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून बाईंनी ठरवून दिलं की यापुढे मान हलवली तरी पुरे. खोटं कशाला बोला, एक्सप्रेसला ते आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कामावर शीळ घालत गेला.

एके दिवशी पुठ्ठा आत दुमडला. तो सरळ करायला त्याने पात्याखाली हात घातला आणि समोरच्याला थांबवायला तोंड उघडलं. "थां... थां..." शब्द अडला. मानेला झटका बसला.

"बोलायची तसदी नको, समजलं," नवा हसून म्हणाला आणि त्याने दांडा दाबला.

इस्पितळात बाई फुलं घेऊन आल्या. कारखान्यात कुणीही तुम्हाला थोटा म्हणणार नाही, याची मी जातीने काळजी घेईन, असं सांगून गेल्या. संध्याकाळी मेहुणा आला. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या मनगटाकडे त्याने बघितलं.

"दाजी, टाळी द्यायची सोय गेली की तुमची," तो म्हणाला.

एक्सप्रेसने तोंड उघडलं. पहिलं अक्षर घशातच अडकलं, मान झटके खाऊ लागली. मेहुण्याने स्टूल ओढलं, बसला आणि थांबला. नर्स आली, "काय हवंय त्यांना?" म्हणाली, तिलाही त्याने हातानेच थांबवलं.

शिवी होती. आईवरून. पुरी झाली तेव्हाच मेहुणा हसला, आणि मग हुंदके देऊन रडू लागला.