जुबेदाचा सव्वासातचा फोन

भोंग्याची कल्पना माझीच होती, म्हणून पुढं जे झालं त्याचा दोषही माझाच.

एकतीस वर्षं मी इंझोरीच्या अंगणवाडीत पोरांची वजनं केली, त्यांना गाणी शिकवली. अजूनही पोर दिसलं की मी नजरेनंच त्याचं वजन करते. ही पोरं संध्याकाळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, त्यांच्या आयाही बसतात आणि खरं सांगायचं तर आजोबाही. मला ते पाहवेना. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, रोज सातला भोंगा वाजवा आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाईल, टीव्ही बंद ठेवा. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला. माझा पुतण्या प्रसेनजित ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे आलं.

त्या दिवशी जुबेदा ग्रामसभेला नव्हती. तिचे गुडघे दुखतात.

जुबेदाचं घर माझ्या समोर. दोघींच्या ओट्यांमध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. तिला शुगर झाल्यापासून ती चहात साखर घालत नाही, आणि मला काही झालेलं नसताना मीही तिच्याकडे तसाच फिका चहा पिते. तिची नात जोया पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. दुपारची ड्यूटी, मधली सुट्टी सव्वासातला. तेव्हाच ती दादीला फोन करते आणि विचारते, गोळी घेतली का? रात्री जोया सुटते तेव्हा जुबेदा झोपलेली असते, सकाळी जुबेदा उठते तेव्हा जोया. म्हणजे दिवसातली ती पंधरा मिनिटंच काय ती त्यांची. मी रोज माझ्या ओट्यावरून ते बोलणं ऐकत होते. तरी ठराव मांडताना माझ्या ध्यानात आलं नाही.

जुबेदाला ठराव कळला तो सुनेनं गावच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा. जुबेदा उर्दू वाचते, मराठी तिला वाचता येत नाही, म्हणून मोबाईलवर ती बोलूनच निरोप पाठवते. रागाच्या भरात तिनं माझ्यासाठी एक निरोप बोलून पाठवला आणि तो चुकून गेला थेट गावच्या ग्रुपवर. चारशे लोकांनी ऐकला.

"चंपे, लय मोठी मॅडम झाली का वो तू? माह्या नातीचा फोन बंद करून राह्यली? तुहा नवरा चंद्रपूरले होता तवा दर इतवारी फोन कोणाच्या दुकानात ये? माह्या! मी हातातली रोटी टाकून बोंबलत सुटो, चंपा वोऽ, फोन आला! आन् तू अर्धा घंटा काय करे? तुमी ठेवा, नाई तुमी ठेवा, तुमीच ठेवा! तवा म्या भोंगा वाजवला होता का?"

एक शब्द खोटा नव्हता. तेव्हा गावात फोन एकच, तिच्या नवऱ्याच्या, जब्बारभाईंच्या किराणा दुकानात. अख्खी गल्ली सोयऱ्याधायऱ्यांना तोच नंबर द्यायची, पुढे पीपी, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, असं लिहून. गुळाच्या भेलीला टेकून मी बोलायचे आणि जब्बारभाई मुद्दाम पाठ करून डाळ निवडत बसायचे.

ग्रुपवर मग जी लढाई पेटली! पुंजाजी रोज सकाळी भेंडीच्या पाण्यानं शुगर जाते असा मेसेज पाठवतात. त्यांनी मोबाईलच्या किरणांनी मेंदू सुकतो असं लिहिलं, आणि तेही मोबाईलवरूनच. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या विनोदनं लिहिलं, 'फोन माझा, घर माझं, ठराव कोणाचा?' पुंजाजींनी विचारलं, 'तुला डोकं आहे का?' विनोदनं उत्तर दिलं, 'तुमचं सुकलं, माझं आहे. भेंडीच्या पाण्यानं काही होत नाही.' आणि मी? त्र्याहत्तर वर्षांची बाई पीठ दळायला गेले, तर चक्कीवर सुना तोंडाला पदर लावून एकमेकींना म्हणत होत्या, "तुमी ठेवा!"

मला राग आला. चार दिवस मी जुबेदाच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. घरी साखर घालून चहा केला. तो गोड लागला नाही.

एक तारखेला सातला भोंगा वाजला. गल्लीतली दारं उघडली आणि माणसं बाहेर येऊन, हातांचं काय करावं हे न कळल्यासारखी उभी राहिली. ग्रुपवर एकमेकांचं डोकं काढणारे पुंजाजी आणि विनोद समोरासमोर आले. विनोद घरात गेला, खाट उचलून आणली आणि म्हणाला, "बसा काका, पाय दुखतीन." पोरांनी लंगडी मांडली.

सव्वासात झाले. जुबेदाच्या घरात फोन वाजला.

ती ओट्यावरच होती. उठली नाही. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"फोन वाजून राह्यला," मी हवेला सांगितलं.

"पुंजाजीभौ," जुबेदा म्हणाली, "त्या मॅडमले सांगा, कायदा कायदा राह्यते."

"गोळी घेतली का?" मी विचारलं.

"पुसणारी फोनात हाय. फोन बंद हाय."

फोन तिसऱ्यांदा वाजू लागला. पोरांची लंगडीही थांबली. मी उठले, गल्ली ओलांडली, तिच्या स्वयंपाकघरात गेले. डाळीच्या डब्यावर ठेवलेला फोन उचलला आणि उंबऱ्यात उभी राहून, एकतीस वर्षं पोरांना हाका मारलेल्या गळ्यानं ओरडले,

"जुबेदा वोऽऽ, फोन आला!"

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ गेले, तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

तेवढ्यात प्रसेनजित आला. "मोठी आई! पहिल्याच दिवशी? आन् तूच?"

"ठराव म्या मांडला, चूक बी मीच सांगतो. पुढच्या ग्रामसभेत लिहून घे, गल्लीत एक फोन चालू राह्यीन. ओट्यावर, साऱ्यांच्या समोर. पीपी."

फोन अजून वाजतच होता. मी तो घेतला आणि स्पीकर लावला. "दादी, तीन बार लगाया! तबियत ठीक है ना?" जोयाचा आवाज गल्लीभर गेला. "और गोली?"

जुबेदानं बटव्यातून गोळी काढली. मी पाणी आणलं आणि तिनं अख्ख्या गल्लीसमोर गोळी गिळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुंजाजी खाटेवरून पुढे सरकले. "बेटा, भेंडीच्या पाण्यानं शुगर जाते ना?"

"काका, भेंडीची भाजी खा. पाणी झाडाले टाका. गोळी नका सोडू."

"मी तेच म्हणत होतो," विनोद म्हणाला.

"म्हणत नव्हता, लिहत होता," पुंजाजी म्हणाले आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

मग कोणी गुडघ्याचं विचारलं, कोणी बाळाच्या खोकल्याचं. शेवटी जोया म्हणाली, "छुट्टी खतम, दादी. आप रखो."

"तू रख."

"नहीं, आप रखो."

गल्लीनं एका आवाजात ओरडून सांगितलं, "तुमी ठेवा!"

जुबेदानं मला कोपर मारलं. "ठेव ना वो चंपे."

फोन माझ्याच हातात होता. मी जरा वेळ तो तसाच धरून राहिले.