ईलिंगच्या हॉलमधली फिनलंडची गोधडी

लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेचा इतिहास मोठा करुण होता. वक्ता जरा रंगात आला की मागच्या किचनमध्ये बटाटेवडे तळायला सुरुवात होई, आणि बघता बघता समोर नुसत्या खुर्च्या उरत. मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनी तर समारोप एका झोपलेल्या बाळासमोर केला होता.

यंदा पाळी सुनेत्राची होती. दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बुडालेली ही बाई संध्याकाळच्या वर्गात फिनलंडच्या कलेचा इतिहास शिकत होती. घरी तिने विषय काढला की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. एकदा, निदान एकदा तरी कोणीतरी आपलं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

शेजारच्या फिनिश हेल्मीबाईंनी खास या दिवसासाठी आपला जुना रुईयू दिला होता. रुईयू म्हणजे भिंतीवर टांगायचा लोकरीचा केसाळ गालिचा, हा तर चांगला लालभडक. सुनेत्राने तो टेबलावर जपून ठेवला आणि ती प्रोजेक्टर जोडायला गेली. २००६चा जानेवारी, त्यात हॉलचं हीटिंग बंद पडलेलं. परत येऊन बघते तर टेबल रिकामं आणि पहिल्या रांगेत लीलावतीबाई नि मधुमतीकाकू रुईयू पायांवर घेऊन ऐसपैस बसलेल्या! केसाळ बाजू आत.

"अहो काकू, ते एक्झिबिट आहे!"

"असू दे गं. काय मस्त ऊब आहे! तू कर सुरू."

सुनेत्राला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने घाबरत, ऐकायला आलेल्या हेल्मीबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या, तरातरा पहिल्या रांगेत गेल्या आणि मधुमतीकाकूंना सरकवून स्वतःच रुईयूखाली शिरल्या.

"करेक्ट साइड!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "माय ग्रँडमदर, एक्झॅक्टली सेम!"

झालं. सुनेत्राने स्लाइड्स सोडल्या आणि सरळ सांगायलाच सुरुवात केली. फिनलंडचे कोळी असा रुईयू होडीत पांघरायचे, घरोघरी तो अंथरुणात असायचा. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता; मग झारने फास आवळायला घेतला, तेव्हा आपलं म्हणावं असं काय आहे, ते शोधत शहरातले चित्रकार खेडोपाडी हिंडले. त्यांनी शेतकरी रंगवले, जंगलं रंगवली, आणि या गोधड्यांना भिंतीवर मान मिळाला.

"म्हणजे अंगावर होती तोवर गावंढळ, आणि भिंतीवर गेली की कला?" मधुमतीकाकूंनी विचारलं.

"अगदी बरोबर, काकू! यालाच सोशल कॉन्टेक्स्ट म्हणतात!"

इतक्यात कढई चुरचुरली. वास आला. मागच्या रांगा भराभर उठल्या. मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वरकाका आभारप्रदर्शनाला उभे राहिले. सुनेत्राचा चेहरा पडला.

"थांबते मग मी," ती हळूच म्हणाली.

पहिली रांग मात्र ढिम्म हलली नाही. लीलावतीबाईंनी रुईयू गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"ज्ञानेश्वर, खाली बस," त्या कडाडल्या. "आणि तू गं, थांबतेस काय? त्या मेल्या झारचं पुढे काय झालं?"